जोडीतली एकच चप्पल

पेशी चपला घालत असत तेव्हाची गोष्ट. भोपळ्याच्या वेलावर प्रत्येक पेशीकडे गुणसूत्रांच्या चपला जोडीजोडीने असत. पानातल्या पेशीच्या दोन पेशी होताना आधी प्रत्येक चपलेची नक्कल होई आणि दोघींना पूर्ण जोड्या मिळत.

फुलातल्या परागकणाला मात्र प्रत्येक जोडीतली एकच चप्पल मिळाली. त्या चपलेच्याही काही पट्ट्यांची, जोडी सुटण्याआधी, जोडीतल्या दुसऱ्या चपलेशी अदलाबदल झालेली.

"अय्या! असा लंगडत मुलगी बघायला जाणार?" पानातली पेशी खिदळली. "माझ्या पूर्ण जोड्या घेऊन जा. नाहीतर दारातूनच हाकलतील तुला."

परागकण घाबरला. तेवढ्यात मधमाशीने त्याला उचललेच. मादीफुलात तो चपला पाठीमागे लपवून उभा राहिला.

"अहो, लपवता काय?" आतून अंडपेशी म्हणाली. "माझ्याकडेही एकेकच आहे. तुम्ही जोड्या आणल्या असत्या, तर बाळाला तीन-तीन झाल्या असत्या. तिसरी काय डोक्यावर घालायची?"

यथावकाश बी जन्मली.

"अगंबाई, एक आईची, एक बापाची! रंगसुद्धा जुळत नाही," पानातली पेशी म्हणाली.

"पण जोडी पुरी आहे ना, आत्या?" म्हणत बी चट्ट-फट्ट, चट्ट-फट्ट वाजवत चालू लागली.