घंटीवाचून मी घरी जाईना

एक होती दुर्वा. एवढीशी. दूध प्यायली की दुधाच्या मिशा उमटणारी.

दुर्वाच्या आईची एक सायकल होती. जाड जाड टायरची. डोंगर चढणारी. सायकलला पुढे एक छोटी खुर्ची होती. खुर्ची कोणाची? दुर्वाची. खुर्चीला पट्टा, डोक्याला हेल्मेट. दुर्वा पुढे, आई मागे.

सायकल कोण चालवायचं?

आई म्हणायची, "मी."

दुर्वा म्हणायची, "नाही. मी."

आता खरं सांगू का? पायडल आई मारायची. पण घंटी दुर्वा वाजवायची. आणि घंटीशिवाय सायकल कुठे चालते का? मुळीच नाही.

रोज सकाळी दोघी डोंगरावर जायच्या.

खडखड खडखड, धडाम धुडूम.
दुर्वा पुढे, आई मागे.
ट्रिंग ट्रिंग.

एके दिवशी काय झालं, वाटेत आला दगड. सायकल उडाली टुण्. घंटीची वरची वाटी निघाली. गोल गोल, चकचकीत. खाली पडली टण्. आणि सुटली की पळत. घरंगळ घरंगळ, घरंगळ घरंगळ. थेट उंदराच्या बिळापाशी.

उंदीर बाहेर आला. वाटी हुंगली. वाटी उचलली आणि बिळाच्या तोंडाला लावली. झालं त्याचं दार.

आईने सायकल थांबवली. दुर्वा उतरली. दारावर टकटक केली.

"उंदीरमामा, उंदीरमामा, माझी घंटी दे."

दार जरासं उघडलं. दोन मिशा बाहेर आल्या.

"देत नाही जा. सायकल तुझी आई चालवते. तू तर नुसती बसतेस. तुला घंटी कशाला?"

ऐकलंत? नुसती बसतेस म्हणे. दुर्वाचं नाक लाल झालं. ती रडली का? छे. तिने कमरेवर हात ठेवले.

"मी चालवते. घंटी माझी आहे. दे."

"आणि माझं दार? आधी पळसाचं पान आण. मोठं आण, जाड आण. मग देईन घंटी."

आई म्हणाली, "राहू दे गं. आपण दुसरी बसवू. चल घरी."

दुर्वा म्हणाली, "नाही. उंदीर घंटी देईना. घंटीवाचून मी घरी जाईना."

झालं. बसली खुर्चीत. लागला पट्टा, खट्.

खडखड खडखड, धडाम धुडूम.
दुर्वा पुढे, आई मागे.
घंटी नाही.

वाटेवर पळस उभा होता.

"कोण गं तू? का आलीस?"

"मी दुर्वा. सायकल मी चालवते.
उंदीर घंटी देईना.
घंटीवाचून मी घरी जाईना.
पळसदादा, एक पान दे."

"देत नाही जा. माझी पानं बघ कशी मलूल झालीत. मुळाशी पाणी नाही. ओहोळाला सांग, वाहत ये म्हणावं. मग देईन पान."

आई म्हणाली, "ऊन व्हायला लागलं, दुर्वे. चल घरी."

"नाही," दुर्वा म्हणाली. "पट्टा लाव."

खट्.

खडखड खडखड, धडाम धुडूम.
दुर्वा पुढे, आई मागे.
घंटी नाही.

थोडं वर ओहोळ होता. नुसता थेंब थेंब. टिप् टिप्.

"कोण गं तू? का आलीस?"

"मी दुर्वा. सायकल मी चालवते.
पळस पान देईना.
उंदीर घंटी देईना.
घंटीवाचून मी घरी जाईना.
ओहोळदादा, वाहत ये."

"वाहत नाही जा. वर बघ, म्हैस बसलीय. माझ्या वाटेतच बसलीय. मी येऊ कुठून? म्हशीला हलव. मग वाहीन."

आईने नुसता सुस्कारा टाकला आणि पट्टा लावला. खट्.

खडखड खडखड, धडाम धुडूम.
दुर्वा पुढे, आई मागे.
घंटी नाही.

म्हैस होती काळी. म्हैस होती मोठी. ओहोळात बसली होती डुंबत. कचर कचर रवंथ करत होती.

"कोण गं तू? का आलीस?"

"मी दुर्वा. सायकल मी चालवते.
ओहोळ वाहेना.
पळस पान देईना.
उंदीर घंटी देईना.
घंटीवाचून मी घरी जाईना.
म्हैसमावशी, जरा हल."

"हलत नाही जा. कानात गोचीड शिरलीय. चावते मेली. डोकं ठणकतंय माझं. साळुंकीला बोलाव, गोचीड काढू दे. मग हलेन."

आई म्हणाली, "माझे पाय दुखायला लागले गं बाई."

दुर्वा म्हणाली, "माझे नाही दुखत."

खट्.

खडखड खडखड, धडाम धुडूम.
दुर्वा पुढे, आई मागे.
घंटी नाही.

डोंगराच्या माथ्यावर एक बाभूळ. बाभळीवर साळुंकी. मान पंखात खुपसून गाढ झोपलेली.

"कोण गं तू? का आलीस?" साळुंकी म्हणाली. आता झोपलेली साळुंकी बोलते कशी? ते तिलाच विचारा.

"मी दुर्वा. सायकल मी चालवते.
म्हैस हलेना.
ओहोळ वाहेना.
पळस पान देईना.
उंदीर घंटी देईना.
घंटीवाचून मी घरी जाईना.
साळुंकीताई, ऊठ."

"उठत नाही जा. रोज ट्रिंग ट्रिंग वाजते, मग मी उठते. आज ट्रिंग नाही. म्हणजे सकाळ नाही. आधी घंटी वाजव. मग उठेन."

अरे देवा. घंटी तर उंदराकडे.

आई दगडावर बसली. हेल्मेट काढून तिने वारा घेतला.

"संपलं दुर्वे. घंटी मिळाल्याशिवाय साळुंकी उठणार नाही. साळुंकी उठल्याशिवाय घंटी मिळणार नाही. आता मात्र घरी."

दुर्वाने आईकडे बघितलं. साळुंकीकडे बघितलं. घंटी होती तिथे बघितलं. तिथे नुसता एक स्क्रू होता.

दुर्वाने पाय आपटला.

"नाही.
साळुंकी उठेना.
म्हैस हलेना.
ओहोळ वाहेना.
पळस पान देईना.
उंदीर घंटी देईना.
घंटीवाचून मी घरी जाईना.
आई, पट्टा लाव."

"आता कुठे गं?"

"झाडाभोवती."

खट्.

खडखड खडखड, धडाम धुडूम. बाभळीभोवती एक चक्कर.

दुर्वा पुढे, आई मागे. आणि दुर्वाने तोंडानेच केलं,

"ट्रिंग ट्रिंग."

साळुंकी म्हणाली, "शी. डास कुठला गुणगुणतोय?"

डास? दुर्वा डास? दुर्वाचं नाक पुन्हा लाल झालं. कान पण लाल झाले. तिने हँडल घट्ट धरलं. पोट फुगवलं. गाल फुगवले. आणि,

"ट्रिंऽऽऽग ट्रिंऽऽऽग!"

हेल्मेट नाकावर आलं. बाभळीच्या शेंगा खाली पडल्या. आईने कानांत बोटं घातली असती, पण आईच्या हातात हँडल होतं.

साळुंकीने एक डोळा उघडला. दुसरा उघडला.

"अगंबाई. सकाळ झाली की. पण घंटी तर उंदराकडे होती ना?"

दुर्वा म्हणाली, "घंटी उंदराकडे आहे. वाजवणारी मी आहे."

साळुंकीने पंख झटकले. ती उठली.

साळुंकी उठली, भुर्र भुर्र.
म्हशीच्या कानातली गोचीड काढली, टिच्.
म्हैस हलली, ढुबुक ढुबुक.
ओहोळ वाहिला, खळखळ खळखळ.
पळसाचं मूळ भिजलं, गार गार.
पळसाने पान दिलं, मोठं आणि जाड.

आणि दुर्वा? दुर्वा पान धरून उतारावरून आली.

खडखड खडखड, धडाम धुडूम.
दुर्वा पुढे, आई मागे.
दुर्वाच्या तोंडाने, ट्रिंग ट्रिंग.

बिळापाशी आई थांबली. दुर्वा उतरली. टकटक.

मिशा बाहेर आल्या.

"उंदीरमामा, हे घे दार. माझी घंटी दे."

उंदराने पान लावून बघितलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. दार छान झालं होतं. उंदराने वाटी पुढे केली.

दुर्वाने वाटी घेतली का? नाही. तिने कमरेवर हात ठेवले.

"आधी सांग. सायकल कोण चालवतं?"

उंदराने आईकडे बघितलं. आईने खांदे उडवले.

उंदीर कान खाजवत म्हणाला, "मघाशी डोंगरावर ट्रिंग झाली. माझं बीळ हललं. ती तू केलीस?"

"मी केली."

"मग तूच चालवतेस. आणि मी 'नुसती बसतेस' म्हणालो, ते चुकलं माझं. घे बाई तुझी घंटी."

मग दुर्वाने घंटी घेतली. फ्रॉकला पुसली. आईने ती जागेवर बसवली आणि गोल गोल फिरवून घट्ट केली.

दुर्वा खुर्चीत बसली. खट्.

आईने वाकून विचारलं, "सायकलवाल्या बाई, आता तरी घरी जायचं का?"

दुर्वाने जरा विचार केला.

"चल," ती म्हणाली.

खडखड खडखड, धडाम धुडूम.
दुर्वा पुढे, आई मागे.
एकदा घंटीने, ट्रिंग ट्रिंग.
एकदा तोंडाने, ट्रिंग ट्रिंग.

ओहोळ गेला खाली, दुर्वा गेली घरी, आणि ट्रिंग राहिली तुमच्यापाशी. करा बघू मोठ्याने. साळुंकी उठली पाहिजे.