रानातली बांधीव विहीर

मी हिरड्याचा व्यापारी, शाळा फारशी पाहिली नाही. पण मंडळी, हे मात्र पाहुणा म्हणून सातवीच्या वर्गात बसून पाहिलं. केंगले बाई जंगलाचा इतिहास रंगवून सांगत होत्या, तोच तपासणीचे साहेब घाम पुसत आत आले.

"बाई, हा धडा आजपासून बंद. दीडशे वर्षांपूर्वी वनखातं आलं, त्याआधी या रानात माणूसच नव्हता, मग इतिहास कुणाचा? आत्ताच ते रान तुडवत आलो. दोनशे वर्षांची बांधीव विहीर लागली, तिचं गार पाणी प्यायलो म्हणून वाचलो."

बाईंचा चेहरा उतरला. मागच्या बाकावरून हौसा भवारी उठली.

"साहेब, माणूसच नव्हता, तर विहीर कुणी बांधली?"

माझे तर हात टाळीसाठी शिवशिवले. साहेबांनी शेरेवही पुढे ओढली आणि लिहिलं, 'धडा चालू ठेवावा. मुलांना विहीर दाखवावी.'