‘थांब’ न म्हणणारी तालीम

फार वर्षांपूर्वीची, तळ्याला अजून कठडा नव्हता तेव्हाची ही गोष्ट. साळीआळीच्या बागेत लोकांनी तालीम बांधायला घेतली. आठ सागवानी खांब, वर कौलं, पुढे म्हाताऱ्यांना सोंगट्या खेळायला ऐसपैस ओटा. दार बागेकडे, पाठ तळ्याकडे. पाठीच्या भिंतीला खिडकी ठेवावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शहाण्यांची आळी ती, काय बोलणार!

भिंती घोटायला ठकू चुनेवालीला बोलावलं. चुना ओला असतो तोवरच गोट्यानं घोटावा लागतो. हात मध्येच थांबला, की तिथे डाग राहतो आणि तो जन्मभर जात नाही. ठकूच्या भिंतीत बघून बाया कुंकू लावत, असं म्हणतात. तिच्या भिंतीवर डाग कुणी पाहिला नव्हता, आणि याचा तिला गर्व होता.

शेवटची, पाठीची भिंत चालू होती. तिची सहा वर्षांची येमू मागे तळ्याकाठी खेळत होती. भिंतीपलीकडून हाक आली, “आये, ये ना.”

“थांब गं,” ठकू म्हणाली, “एवढी भिंत झाली की येते.”

हाक पुन्हा आली, बारीक. ठकूचा हात चालूच राहिला. तिसरी हाक आलीच नाही. भिंत आरशासारखी झाली. मग ठकू दारातून निघून, वळसा घालून मागे गेली, तर तळ्याच्या पायरीवर येमूची चिंध्यांची बाहुली तेवढी होती.

तेव्हापासून दिवेलागणीला ती भिंत बोलायला लागली. “आये, ये ना.” चांगले तगडे पैलवान लंगोट सावरत पळायचे. आळीनं भिंत पाडायचं ठरवलं, तर ठकू आडवी पडली. भिंत पाडलीत तर माझी पोर हाक मारील कुठून, असं तिचं म्हणणं. ती तिथेच झाडलोट करून राहिली. रोज भिंतीला कान लावून म्हणायची, “आले गं.” आणि जायला वाट नसायची.

मग एका भर दुपारी, आपली वेळ नसताना, भिंत बोलली. एकदा. दोनदा. तिसऱ्या हाकेची वाट ठकूनं पाहिली नाही. तिनं पहार उचलली. दोन हात जाडीची भिंत तीन घावांत फुटली, असं म्हणतात. त्या भगदाडातून ठकू पलीकडे गेली.

पैलवान वळसा घालून धावले. पायरीवर माळ्याची लहानगी पोर रखमी निथळत, खोकत बसली होती. तिच्या पाठीवर चुन्याचे दोन पांढरे पंजे होते. ठकू कुठेच नव्हती, आणि तळ्याच्या पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता. तीन दिवस शोधलं, काही सापडलं नाही. रखमी म्हातारी होऊन गेली, तरी ते पंजे पाठीवरून गेले नाहीत, असं म्हणतात.

भिंत त्यानंतर बोलली नाही. भगदाडाला चौकट बसवून आळीनं खिडकी केली, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. दरवर्षी तालमीला नवा चुना लागतो, पण त्या खिडकीशेजारी वीतभर जागा मुद्दाम न घोटता सोडतात.

आणि त्या तालमीत ‘थांब’ म्हणत नाहीत. तळ्याकडून कुठल्याही पोरानं हाक मारली, की हातातला डाव टाकून, अर्धा जोर सोडून, जवळचा माणूस उठतो आणि त्या खिडकीतून ओ देतो. मिशाळ पैलवान असला तरी ‘आलो’ म्हणत नाही. तो म्हणतो, “आले गं.”