उकिरडीचा ताबा

विषय : उकिरडी नावाच्या मुलीचा ताबा कोणाकडे असावा, याबाबत.
संदर्भ : जन्मदाता मांत्रिक कालकेतू याचा दावा, आणि तंबू शिवणारी गोजरा व तिचा नवरा सुभाना यांचा अर्ज.

एका राज्यात पक्षी बोलत आणि अधिकारी बोलत नसत, तिथली ही हकिगत.

कालकेतूला मुलगी झाली ती सावलीवाचून. भर उन्हात धरली तरी जमिनीवर काही उमटेना. असले अपशकुनी मूल त्याला नको होते. त्याने ते रानवाटेवर ठेवले आणि मागे न बघता निघून गेला. मांत्रिकाने मागे बघायचे नसते, हे त्याच्या सोयीचेच पडले.

ते मूल गोजराला सापडले. तिची दोन मुले पाळण्यातच गेली होती. तिने बाळ पदरात घेतले आणि घरी आणले. सुभानाने दाभण काढले, अर्धी सावली आपली कापली, अर्धी गोजराची कापली, दोन्ही जोडून बाळाच्या टाचांना शिवली. तंबूवाल्याचा टाका तो. वादळातही उसवत नाही.

मग रीतीप्रमाणे गोजराने बाळ क्षणभर उकिरड्यावर ठेवले, परत उचलले आणि नाव ठेवले उकिरडी. सटवाईला वाटावे, हे टाकाऊ आहे, नेण्यात अर्थ नाही. कोणी म्हणाले, "पोर गोड आहे हो," की गोजरा कपाळाला आठी घालून म्हणे, "माझी कुठली? उकिरड्यावर सापडली. न्या कुणी!" दृष्ट लागू नये म्हणून असे म्हणायचे असते, हे राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पंडितांना नव्हते.

उकिरडीचे दुधाचे दात पडू लागले तेव्हा एका घुबडाने कालकेतूला बातमी दिली. शापित खजिन्यावरचा नाग माणसाच्या सावलीला डसतो. सावली नसलेले माणूस त्याला दिसतच नाही. त्याच क्षणी कालकेतूच्या हृदयात पितृप्रेम जागे झाले.

प्रकरण दरबारात गेले. सिंहासनावर महाराजाधिराज दगडूसिंह होते. त्यांच्या वतीने बोलायला न्यायपंडित होते.

"जन्मदात्याला काय सिद्ध करायचे?" पंडित गोजरा-सुभानाला म्हणाले. "तुम्ही मात्र तीन कामे करा. पहिले, वाघिणीचे दूध आणा."

गोजरा डोंगरात गेली. वाघीण म्हणाली, "कशाला हवं?"

"पोर माझी आहे हे दाखवायला."

"माझी तीन पोरं आहेत. मला अजून कुणी विचारलं नाही," वाघीण म्हणाली. "विचारू दे तर खरं." आणि तिने दूध दिले.

पंडितांनी दूध हुंगून बाजूला ठेवले. "दुसरे, पदरात निखारा बांधून आणा. पदर जळता कामा नये."

गोजराने निखारा बांधून आणला. पदराला डागसुद्धा नव्हता. निखारा भर दरबारात म्हणाला, "जिने लेकरू पदरात घेतलं, तो पदर जाळायची आमच्यात रीत नाही."

"पदर ओला असावा," पंडित म्हणाले. "तिसरे, कधी खोटे न बोलणारा साक्षीदार आणा."

सुभानाला हायसे वाटले. "अगं, आपली साळुंकी! जन्मात कधी खोटं बोलली नाही. ऐकलं तेच बोलते."

"म्हणूनच भीती वाटते हो," गोजरा म्हणाली. पण दुसरा साक्षीदार नव्हता.

साळुंकी दरबारात दांडीवर बसली. मान वाकडी केली आणि हुबेहूब गोजराच्या आवाजात म्हणाली, "माझी कुठली? उकिरड्यावर सापडली. न्या कुणी!"

कालकेतू हसला. पंडितांनी लेखनिकाला खूण केली. "साक्ष पूर्ण. प्रतिवादीने मुलावरचा हक्क स्वतःच्या तोंडाने सोडला आहे, आणि मूल घेऊन जायलाही सांगितले आहे."

गोजराच्या अंगाची लाही झाली. ती पंडितांना ओलांडून थेट सिंहासनासमोर उभी राहिली.

"महाराज, तुमचं नाव दगडू कुणी ठेवलं?"

दरबारात टाचणी पडली असती तर तिलाही दंड झाला असता.

"राजमातेनं," महाराज म्हणाले.

"का ठेवलं? तिला तुम्ही दगड वाटलात म्हणून?"

महाराजांचे कान लाल झाले. त्यांच्याआधीची भावंडे जगली नव्हती, हे सगळ्या राज्याला ठाऊक होते. ते काही बोलणार, तेवढ्यात साळुंकीने मान दुसरीकडे वाकडी केली. आवाज तोच, पण अगदी हळू. "माझी गं माझी बाय ती. झोप. बाहेर कुणाला सांगायचं नाही हं."

उकिरडी मागून ओरडली, "बघा! हे आई माझ्या कानात म्हणते!"

"नोंदवा," महाराज म्हणाले.

"साक्ष पूर्ण झाली आहे, महाराज," पंडित म्हणाले. "पूर्ण झालेली साक्ष वाढवता येत नाही."

तेव्हा कालकेतूने पुढे होऊन उकिरडीचा हात धरला आणि ओढला. टाचांना सावली त्या दोघांची; तिच्याबरोबर गोजरा ओढली गेली, सुभानाही ओढला गेला. टाका तुटला नाही.

"सोडा तिला!" महाराज गरजले. कालकेतूने हात सोडला. मग महाराजांनी पंडितांकडे पाहिले, पंडितांनी छताकडे पाहिले, आणि हुकूम झाला. दृष्ट लागू नये म्हणून बोललेले वाक्य खरे धरावे की खोटे, हे पंडितसभेने ठरवावे. तोवर सर्व 'जैसे थे' राहावे. मूल आहे तिथे राहील. सावली उसवू नये, तशी नव्याने शिवूही नये.

"पोर जैसे थे राहते का, महाराज?" गोजराने विचारले. "वाढतं लेकरू आहे. सावली दरसाल सैल करून द्यावी लागते. नाही दिली तर टाका ताणून तुटेल, आणि हा टपलाच आहे."

"तसा वेगळा अर्ज करावा," पंडित म्हणाले, आणि दरबार उठला. जेवणाची वेळ झाली होती.

गोजराने तिथेच अर्ज केला.

उकिरडीला पुढचे दोन दात आले आहेत. परकर घोट्याच्या वर गेला आहे. सुभाना दाभण घेऊन तिच्या टाचांशी बसतो, टाका बोटाने चाचपतो आणि दाभण परत ठेवतो. कुंपणापलीकडे कालकेतू बसून असतो. तिथे बसायला त्याला मनाई नाही. शेजारीण येते आणि म्हणते, "पोर उंच झाली हो." गोजरा आठी घालते, तोंड उघडते आणि मिटते. आता काय बोलावे आणि काय बोलू नये, याबाबत तिला मार्गदर्शन मिळालेले नाही.

पंडितसभा अद्याप भरलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.