नववा क्रमांक

विषय : एजंट हॅल्डन या इंग्रजी हेरपटमालिकेतील चोवीस चित्रपटांची अंतिम क्रमवारी, त्यातही नवव्या चित्रपटाचे स्थान.

वरील विषय कऱ्हाडच्या हेरपट रसिक मंडळाने निर्णयासाठी चैतन्यगिरी बाबांपुढे ठेवला. मंडळाने म्हणजे चिटणीस अच्युतराव पेंढरकरांनी. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना हेच एक पद उरले होते. शनिवारी सकाळी ते डोंगराच्या पायथ्याच्या मठात गेले. बाबांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. अच्युतरावांच्या मते निकाल देणाऱ्याला याहून मोठी पात्रता लागत नाही.

“तर मग पहिला कोणता, एवढंच आपण सांगायचं, बाबा.”

बाबा सुपात तांदूळ निवडत होते.

“हा हॅल्डन करतो काय?”

“हेर आहे. शत्रूच्या गोटात शिरून खरी बातमी काढून आणतो.”

“चोवीस वेळा?”

“चोवीस वेळा. मध्ये पाच नट बदलले. तिसरा सर्वांत उत्तम. चौथ्याला मंडळ नट मानत नाही. पाचव्याला नाइलाजानं मानतं.”

“वय किती त्याचं?”

“हॅल्डनचं? ते वाढत नाही.”

“आणि मंडळाचं?”

अच्युतरावांनी पिशवीतली फाइल उगीच सरळ केली. “आधी वीस जण होतो. आता पाच उरलोत. दोघांना ऐकू येत नाही.”

“मग वाद कोणाशी घालता?”

“चर्चा, बाबा. वाद नव्हे.”

बाबांनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

अच्युतरावांनी फाइल उघडली. तेवीस चित्रपटांच्या जागा ठरलेल्या होत्या. अडले होते ते नवव्यापाशी. बाकी सगळ्या मंडळाने तो शेवटी टाकला होता. मुकुंद गुरसाळे या एकाच सभासदाने, सभेला येत होता तोवर, दर वर्षी तो पहिला लावला होता. मुकुंदा एलआयसीत होता, आणि शाळेपासून अच्युतरावांच्या बाकावर.

“काय आहे त्या नवव्यात?”

“काहीच नाही! तीच तर तक्रार. हेर एका हॉटेलात तारेची वाट बघत बसतो. पाठलाग नाही, गोळीबार नाही. खुर्चीत बसतो, खिडकीतून बघतो, चहा पितो. तिकिटाचे पैसे देऊन आम्ही दुसऱ्याला चहा पिताना बघायचं?”

“पुढं?”

“पुढं... एक बाई येते. त्याच हॉटेलात.”

“पुढं?”

“ती विचारते, तुमची तार आली का.”

“मग?”

अच्युतरावांनी घसा साफ केला. डोंगरावर कुणाची तरी गुरं हाकण्याचा आवाज येत होता.

“मग मध्यांतर, बाबा.”

“आणि मध्यांतरानंतर?”

अच्युतरावांनी फाइलची दोन पाने उलटली.

“अच्युता.”

“आम्ही उठलो. सगळे. समोरच्या हॉटेलात मिसळ खायला गेलो. मुकुंदा एकटा आत बसला.”

“मग तो शेवटी कशावरून?”

“मिसळ खाताना ठरलं.”

बाबा हसले नाहीत, याचे अच्युतरावांना वाईट वाटले. हसले असते तर प्रकरण तिथेच मिटवता आले असते.

“मुकुंदा कुठं असतो?”

“आमच्या मागच्या आळीत. एकोणीस वर्षं बोलणं नाही. परवा सोमवारी घर रिकामं करून मुलीकडे हुबळीला चाललाय. कायमचा.”

आता खरे प्रकरण टेबलावर आले होते. अच्युतरावांचा बेत साधा होता. बाबांनी नववा पहिला ठरवला, की तो निकाल घेऊन मुकुंदाच्या दारात जायचे आणि म्हणायचे, बाबांचा आदेश आहे बुवा, तुझंच बरोबर. मान तुकवायची ती आदेशापुढे. मुकुंदापुढे नव्हे. नोकरीची पस्तीस वर्षे त्यांनी अशीच काढली होती.

“बोलणं नवव्यावरून तुटलं?”

“हो.”

बाबा तांदूळ निवडत राहिले...

“म्हणजे, त्या वर्षी मंडळाची स्मरणिका छापायची होती. एकमताची यादी हवी होती. आणि हा ऐकेना. म्हणाला, एकदा शेवटपर्यंत बघा तरी. मी जरा बोललो.”

“काय?”

“गमतीनं बोललो, बाबा. सभेत चालतं तसलं.”

“काय बोललास?”

अच्युतराव फाइलकडे बघत होते. त्या वर्षीचे सभावृत्त त्यांनीच लिहिले होते. त्यात ते वाक्य नव्हते.

“म्हणालो, बायको गेल्यापासून याला रिकाम्या खोल्या फार आवडायला लागल्यात.”

सुपावरचा हात थांबला.

“कधी गेली होती?”

“तीन महिने झाले होते... सगळे हसले. तोही हसला, बाबा! खरंच हसला. कपातला चहा संपवला, खुर्ची आत सरकवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज आला. ‘नववा चित्रपट सर्वांनी मिळून एकदा शेवटपर्यंत पाहावा, ही विनंती.’ मी शेरा मारला, पुढील सभेत.”

“पुढची सभा कधी झाली?”

“दर महिन्याला होते.”

बाबा उठले. सूप आत ठेवून आले आणि पायरीवर अच्युतरावांच्या शेजारी बसले.

“तो सिनेमा आता मिळत नाही?”

“मिळतो. पुतण्यानं फोनवर घालून दिलाय. दोन वर्षं झाली.”

“पाहिलास?”

“नाही.”

“का?”

“चांगला निघाला तर, बाबा?”

बाबांनी त्यांच्याकडे वळून पाहिले.

“आणि वाईट निघाला तर जाणार नाहीस?”

अच्युतरावांनी फाइलची नाडी बांधली. गाठ दोनदा सुटली.

घरी येऊन ते लिहायला बसले. पहिला मसुदा तीन पानांचा झाला. त्यात हॅल्डन सतरा वेळा आला होता. दुसऱ्यात परिस्थितीची पार्श्वभूमी होती. दोन्ही फाडले. तिसरा चार ओळींचा झाला. विषय : एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या तोंडून गेलेल्या वाक्याबाबत. चित्रपटाचे त्यात नाव नव्हते. खाली सही केली, आणि हाताच्या सवयीने ‘चिटणीस’ लिहिले. तेवढे मात्र खोडले.

रविवारी ते स्वतः गेले. दारात खोकी होती. मुकुंदा दोरी बांधत होता, वाळला होता.

“मुकुंदा.”

मुकुंदाने चष्मा लावून पाहिले. “या. बसायला काही उरलेलं नाही.”

“बसत नाही. हे एवढं वाच.”

त्याने उभ्यानेच वाचले. चार ओळींना लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. मग कागदाची घडी करून खिशात घातली.

“ठेवतो. बघतो,” तो म्हणाला. “तुम्ही चहा घेणार होता का? गॅस मात्र कालच दिला.”

तुम्ही! चौथीत ज्याची पाटी याच मुकुंदाने पुसून दिली होती, त्याला तुम्ही.

“नको नको,” अच्युतराव म्हणाले. “तुमची गडबड आहे.”

सोमवारी टेम्पो गेला.

दोन आठवड्यांनी अच्युतराव पुन्हा मठाच्या पायरीवर बसले होते. घडले ते सगळे त्यांनी सांगितले. उत्तर आलेले नाही, हेही सांगितले.

“स्मरणपत्र पाठवू का, बाबा?”

बाबा डोंगराकडे बघत होते.

“कुठल्या खिशात ठेवलं त्यानं?”

“सदऱ्याच्या. वरच्या.”

“बटण लावलं?”

अच्युतरावांनी डोळे मिटले. आठवायला वेळ लागला.

“...लावलं.”

“मग घरी जा.”

सदर चार ओळींचा अर्ज आजअखेर प्रलंबित आहे.