गुण जाऊ नये म्हणून

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात सगुणाबाईंची पिठाची गिरणी होती. त्यांची सून शेवंता गिरणी चालवायची. कामाला ती वाघ होती. पण पीठ उडालं, की तिला शिंकांवर शिंका यायच्या. नाक गळायचं, डोळे चुरचुरायचे.

दळणाला आलेल्या बायका हसायच्या. "शेवंते, पिठात मीठ तू नको गं घालूस. आम्ही घरी घालतो."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नाकात मारायचा फवारा दिला. त्या म्हणाल्या, "आपल्या नाकात पहारेकरी असतात. तुझ्या पहारेकऱ्यांना पीठच शत्रू वाटतं. मग ते हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि शिंका सुरू होतात. हा फवारा स्टिरॉइडचा. सुटलेलं हिस्टामिन तो पुसत नाही. तो पहारेकऱ्यांची गर्दी हळूहळू कमी करतो. म्हणून रोज मार, आणि थोडा धीर धर."

सगुणाबाईंना धीर कुठला? दोन-तीन दिवसांतच त्यांनी फवारा फडताळात टाकला आणि आठवडी बाजारातल्या वैद्याकडून पुड्या आणल्या. वैद्यानं बजावलं, "झाडपाल्याचं आहे. पण कुणाजवळ बोलायचं नाही. बोललात, की गुण गेला."

सगुणाबाईंनी तसा शब्द दिला, आणि सुनेकडूनही घेतला.

दुसऱ्याच दिवशी शिंका थांबल्या. पुढं काही महिन्यांत शेवंताचा चेहरा गोल झाला. "सुनेला लोणी चारताय वाटतं," असं बायका म्हणाल्या, की सगुणाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. दळणाचा डबा उचलताना सुनेला धाप लागते, हे त्यांना दिसत होतं. पण शिंका तर थांबल्या होत्या.

मग वैद्य बाजाराला यायचा बंद झाला. पुड्या संपल्या. शेवंताला उलट्या होऊ लागल्या, आणि एका सकाळी ती गिरणीतच कोसळली.

दवाखान्यात तिची नाडी हाताला लागेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिला कुठलं औषध चालू होतं?"

"काहीच नाही," शेवंताचा नवरा म्हणाला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

सगुणाबाई गप्प होत्या. आता बोललं, तर उरलासुरला गुणही जाईल आणि पोर हातची जाईल, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी सुनेचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

"पुडी," त्या म्हणाल्या. "बाजारातली. रोज मीच देत होते."

डॉक्टरीणबाईंनी तत्काळ सुई टोचली, सलाईन लावलं. बऱ्याच वेळानं शेवंतानं डोळे उघडले.

"त्या पुडीत काय विष होतं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"कुटलेलं स्टिरॉइड असणार. आत्ता सुईतून मी तेच दिलं."

सगुणाबाई थिजल्या. "ज्यानं मारलं, त्यानंच?"

"आपलं शरीरही तसंच काहीसं रोज बनवतं, सगुणाबाई. बाहेरून आयतं मिळत गेलं, की बनवायचं विसरतं. फवारा बहुतेक नाकापुरताच राहतो. पुडी साऱ्या अंगात गेली, तिनंच चेहरा सुजवला, आणि मग ती एकदम बंद पडली. तेव्हा हिच्याजवळ स्वतःचं काही उरलंच नव्हतं. तुम्ही आणखी थोडा वेळ गप्प राहिला असतात, तर मी दुसराच काहीतरी आजार शोधत बसले असते."

सगुणाबाई तशाच गिरणीवर गेल्या. दारात दळणाची रांग ताटकळत होती. त्यांनी साऱ्यांदेखत पुडीचं सांगितलं. शब्द मोडला, लाजही सोडली. म्हणाल्या, "आणखी कुणाकडं पुड्या उरल्या असतील, तर मनानं बंद करू नका. संपल्या असतील, तरी थांबू नका. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

मग एकीनं डोक्यावरचा डबा खाली ठेवला. तिच्या मागं उभ्या असलेल्या जावेनं ठेवला. मग तिसरीनं. एका घरात राहूनही त्या जावांनी पुडीचं एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं. सगुणाबाई पाहतच राहिल्या. निम्मी रांग त्यांच्यामागून दवाखान्याकडं चालू लागली.

तात्पर्य: जे औषध लपवून घ्यायला सांगतात, ते घेऊ नये, आणि चुकून घेतलंच, तर डॉक्टरांपासून लपवू नये.