नको म्हटलं की नको

"मग चूक कोणाची, अप्पा? त्यांनीच 'नको' म्हटलं ना?"

चैतन्य बिडवे तावातावानं बोलत होता. पोरगा इंजिनिअर. त्यानं केलेलं बोलणारं यंत्र आठ दिवसांपासून रेवणअप्पांच्या मठाच्या दारात उभं होतं. येईल त्याला गोड आवाजात विचारायचं, "जेवणार का?" आणि मिळेल ते उत्तर स्वयंपाकघराला कळवायचं.

आठ दिवसांत निम्मी माणसं मठातून उपाशी परतली. गावात कुजबुज सुरू झाली. यंत्र ठेवायचं की काढायचं, ते आज अप्पा ठरवणार होते.

मी मठाला गूळ-डाळ पुरवतो, म्हणून तिथं टेकलो होतो. 'नको' म्हणून पायरी उतरलेलं गिऱ्हाईक कोपऱ्यावरून वळून बघतं, हे तीस वर्षं दुकानात बसून मला ठाऊक झालंय.

"त्याला मराठी कळते म्हणतोस?" अप्पांनी विचारलं.

"शब्दन् शब्द! आपल्या गावाकडची बोलीसुद्धा."

"वा!" अप्पा खूश झाले. "लेका, लांबून आलास. जेवणार का?"

"नको अप्पा. वाटेत खाल्लंय."

"बरं."

अप्पांनी आपलं ताट पुढं ओढलं. वाफाळती आमटी, ज्वारीची भाकरी. एक घास… दुसरा घास…

चैतन्यनं आवंढा गिळला. तो मलाही ऐकू आला.

"अप्पा…"

"हं?"

"तुम्ही… एकदाच विचारलंत."

मला हसू आवरेना. अप्पा हसले, मग तोही हसला, कानापर्यंत लाल होऊन.

लगेच सावरून म्हणाला, "सोपं आहे! यंत्राला तीनदा विचारायला लावतो."

"माझी आई पाचव्यांदा 'हो' म्हणायची."

"मग पाचदा!"

"आणि हे आमचे शेटजी?" अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "यांचा 'हो' विचारायच्या आधीच तयार असतो."

चैतन्य डोकं खाजवत राहिला.

"मग यंत्रानं विचारायचं तरी कसं, अप्पा?"

अप्पा उठले. दुसरं ताट आणलं. भाकरी मोडली, वर आमटी ओतली आणि ताट त्याच्यापुढं ठेवलं.

"अहो नको अप्पा, मी खरंच…"

"विचारतंय कोण? बस. भाकरी निवतेय."